पळसाला पाने तीनच?

पवनारला धाम नदीच्या काठी, पुलापासून थोडं वरच्या अंगाला, एक पळस आहे. फाल्गुनातल्या एका सकाळी मी त्याचं चित्र काढत बसलो होतो. बकऱ्या घेऊन निघालेले एक आजोबा थांबले, कागदात डोकावले.

"काय काढून राह्यले भाऊ?"

म्हटलं, पळस काढतोय.

आजोबा हसले. "पळसाचं काय काढता? पळसाले पानं तीनच." आणि बकऱ्यांना हाकारत निघून गेले.

ही म्हण आपण सगळेच जन्मापासून ऐकत आलो. कुठंही जा, पळसाला पाने तीनच. जग इथून तिथून सारखंच, उगाच आशा धरू नका, असा तिचा शहाणा अर्थ. त्या सकाळी गंमत अशी होती की समोरच्या झाडावर पान एकही नव्हतं. फाल्गुनात पळसाची पानगळ होऊन गेलेली असते. काळपट मखमली देठांतून बाहेर आलेली केशरी फुलं तेवढी फांद्यांवर पेटलेली असतात. म्हण खरी की खोटी, हे तपासायची सोयच नव्हती.

पानं यायला चैत्र सरला. मी पुन्हा जाऊन बसलो आणि या खेपेला हट्टानं पानच काढायला घेतलं. पहिल्या तीन-चार कागदांवर तीन सारखी पानं उतरली, एक मध्ये आणि दोन बाजूंना, बेलाच्या दळासारखी. दिसायला नीटनेटकी, पण काही केल्या पळसाची वाटेनात. शेवटी एक पान तोडून गुडघ्यावर ठेवलं आणि बोटानं त्याची कड चाचपत गेलो, तेव्हा कळलं. मधलं पान टोकाकडे रुंद, देठाकडे निमुळतं आणि मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखं. बाजूची दोन मात्र तिरपी. शिरेची एक बाजू आखूड, दुसरी फुगीर. आणि डावं-उजवं एकमेकांची आरशातली प्रतिमा. मधल्याचा देठ लांब, बाजूच्यांचे अगदी तोकडे. शिवाय वनस्पतिशास्त्र सांगतं ते निराळंच. ही तीन पानं नाहीतच, एकाच संयुक्त पानाच्या तीन पर्णिका आहेत. म्हणजे म्हण मोजणीतही चुकलेली.

लहानपणापासून लग्नाकार्यात पळसाच्या पत्रावळीवर जेवलो. द्रोणातली कढी सांडू नये म्हणून तो किती वेळा हातात सावरून धरला असेल. आणि पान कसं असतं ते साठी ओलांडल्यावर, एक चित्र जमेना म्हणून कळलं. ज्या पाऊण तासात हे कळलं, त्या पाऊण तासात मला गुडघा दुखल्याची आठवण झाली नाही, बँकेतलं अडलेलं काम आठवलं नाही, फोन खिशात थरथरला तो ऐकू आला नाही. घरी आल्यावर बायको म्हणाली, आज फार निवांत दिसताय. मी निवांत व्हायला गेलो नव्हतो. पान जमेना म्हणून मी पुरता चिडलो होतो.

माझं म्हणणं त्या चिडण्यातून सुरू होतं.

हल्ली शांती विकत मिळते. मोठ्यांसाठी रंगवायच्या छापील वह्या निघाल्या आहेत, 'मंडल' रेखाटायच्या कार्यशाळा भरतात, रविवारच्या दोन तासांत कॅनव्हासवर सूर्यास्त उतरवून देणारे वर्ग आहेत. रंग, कुंचला, चहा-बिस्किटं सगळं फीमध्ये. निसर्गातून प्रेरणा घ्या, मन मोकळं करा, ताण विसरा. मला या मंडळींची टिंगल करायची नाही. आमची पुतणी पुण्याला आयटीत आहे. ती अशा वर्गाला जाते आणि येताना तिचा चेहरा निवळलेला असतो, हे मी पाहिलेलं आहे. विज्ञानही तिच्या बाजूनं साक्ष देतं. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 39 प्रौढांना पाऊण तास मनासारखं काहीतरी घडवू दिलं, आधी आणि नंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित रसायन मोजलं. सुमारे 75 टक्के लोकांत ते उतरलं होतं. ज्यांना चित्र काढायची सवय होती आणि ज्यांना नव्हती, त्यांच्यात ठळक फरक दिसला नाही. आता 39 माणसं म्हणजे काही जग नव्हे, आणि पाऊण तास नुसतं निंबाखाली खाटेवर पडलं तर किती उतरतं, तेही एकदा मोजायला हरकत नाही. पण चित्र काढल्यानं माणूस निवतो, हे मी नाकारत नाही.

माझा झगडा त्या सूर्यास्ताशी आहे. वर्गात बारा जण बसतात आणि बारा कॅनव्हासांवर एकच सूर्यास्त उतरतो, कारण तो पुढे उभ्या असलेल्या शिक्षिकेच्या कॅनव्हासावरून घेतलेला असतो. त्या दोन तासांत खरा सूर्य खिडकीबाहेर मावळून गेलेला असतो आणि कुणी उठून पाहिलेलं नसतं. ही पळसाच्या म्हणीचीच चित्रकला झाली. सूर्यास्त कसा असतो ते आपल्याला ठाऊकच आहे, आता फक्त रंग भरायचे. अशातून मिळते ती गुंगी. दुपारच्या झोपेसारखी ती चांगलीच असते, पण तिला निसर्गचित्र आणि आत्माविष्कार ही नावं देऊ नयेत. निसर्ग तिथं नव्हता. आणि बारा चित्रं सारखी असतील, तर आत्मा तरी कुणाचा आविष्कारला?

शांती हवी म्हणून चित्र काढू नये, पान कसं आहे ते कळावं म्हणून काढावं, असं माझं मत आहे. बाकीचं आपसूक येतं, किंवा येत नाही. हे मत मला कुठल्या पुस्तकानं दिलेलं नाही. वर्ध्यात राहिल्यानं, आणि सेवाग्रामला पाहुण्यांना घेऊन शंभरदा गेल्यानं ते तयार झालं.

बापूकुटीत जाणाऱ्यांचं लक्ष आधी त्या बैठकीकडे, मग त्या तीन माकडांकडे जातं. मी पाहुण्यांना भिंत दाखवतो. कुडाची, मातीनं लिंपलेली भिंत, आणि तिच्यावर त्याच मातीतून उठवलेली चित्रं : ताडासारखी झाडं, चरखा, ॐ. रंग नाही, चौकट नाही. सकाळचं ऊन तिरपं आत आलं की झाडांना सावली पडते आणि ती दिसतात. भर दुपारी पाहाल तर भिंत सपाट वाटेल. ही उठावचित्रं मीराबेनच्या हातची. ब्रिटिश आरमारातल्या एका ॲडमिरलची ही मुलगी, मॅडलिन स्लेड, बीथोव्हेनच्या संगीतावर जीव टाकणारी, 1925 साली हिंदुस्थानात आली. शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, ती बापूंच्या आधी येऊन राहिली होती. गांधी आले 30 एप्रिल 1936 ला, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. आज जिला आपण बापूकुटी म्हणतो ती मुळात मीराबेनची कुटी. गांधी तिथं मागाहून राहायला आले.

यातली मौज पाहा. 1924 साली शांतिनिकेतनातून आलेल्या जी. रामचंद्रन या तरुणानं गांधींना कलेबद्दल छेडलं होतं. त्यावर गांधींनी दिलेल्या उत्तराचा आशय असा की, आपल्या खोलीच्या भिंती कोऱ्या असल्या तरी चालतील, वर छप्परही नको, ताऱ्यांनी भरलेलं आकाश दिसलं की पुरे. त्या आकाशापुढे माणसाची कोणती कला उभी राहील? असं म्हणणारा माणूस पुढची कित्येक वर्षं चितारलेल्या भिंतींच्या सोबतीनं राहिला, आणि त्यानं ती भिंत खरवडायला लावली नाही. गांधींनी मत बदललं, असं मला म्हणायचं नाही. मला वाटतं, त्या भिंतीत त्यांना 'कला' दिसलीच नसावी. भिंत लिंपायचीच होती. लिंपता लिंपता हाताखालची माती थोडी वर आली आणि आसपासच्या शिवारात दिसणारी झाडं तिथं उभी राहिली. वऱ्हाडातली कुठलीही बाई दिवाळीआधी भिंत सारवते, पांढऱ्या मातीचा हात देते, गेरूचा पट्टा ओढते, तेव्हा तीही असंच काही करत असते. तिला कुणी चित्रकार म्हणत नाही. तिनं स्वतःला व्यक्त केलं का, असं तर मुळीच विचारत नाही.

आत्माविष्कार हा शब्द जपून वापरावा असं मला वाटतं, तो त्या भिंतीमुळे. मीराबेननं भिंतीवर स्वतःबद्दल काही सांगितलेलं नाही. इंग्लंड सोडल्याचं दुःख नाही, भक्ती नाही, एकटेपण नाही. झाडं आहेत. आणि तरी त्या झाडांइतकी तिची दुसरी ओळख त्या आश्रमात नाही.

मीराबेन मातीत हात घालत होती त्याच सुमारास, 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला, वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. हातकामातून शिकवणारी नई तालीम तिथं जन्मली. परिषदेनं नेमलेल्या झाकीर हुसेन समितीनं जो अभ्यासक्रम तयार केला त्यात सूतकताई आणि शेती होतीच, पण चित्रकलाही होती. तिचे हेतूही लिहून ठेवले होते : डोळ्याला आकार आणि रंग टिपायची सवय लागावी, पाहिलेलं ध्यानात राहावं, निसर्गातलं आणि कलेतलं सुंदर काय ते कळावं. मन रमावं, ताण हलका व्हावा, असलं काही त्यात नव्हतं. आधी डोळा.

हे कागदावरचं काम मुलांपर्यंत नेणारा माणूस सात वर्षांनी आला. देवीप्रसाद, जन्म 1921, डेहराडूनचा. शांतिनिकेतनच्या कलाभवनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकला आणि 1944 साली सेवाग्रामला मुलांना चित्रकला शिकवायला आला. नंदलाल हे गांधींचे चित्रकार. आपल्या खानदेशातल्या फैजपूरला 1936 साली भरलेलं, खेड्यात झालेलं पहिलं काँग्रेस अधिवेशन त्यांनी बांबूनं आणि गावच्या सामानानं सजवलं होतं. हरिपुऱ्याच्या 1938 च्या अधिवेशनासाठी काढलेली त्यांची चित्रं तर जगाला ठाऊक आहेत. सेवाग्राममध्ये नई तालीम चालवणारे आशादेवी आणि आर्यनायकम हे जोडपंही शांतिनिकेतनातूनच आलेलं. चरख्याच्या गावात रंगाची पेटी आली ती अशी बंगालमार्गे.

देवीप्रसाद 1962 पर्यंत इथं होते. अठरा वर्षं. आश्रमातली आणि आसपासच्या खेड्यांतली मुलं त्यांच्याकडे चित्रं काढत. हीच मुलं झाडलोट करत, सूत कातत, वावरात राबत. त्यांच्यापुढे नमुना ठेवून 'असं काढा' म्हणायचं नाही, मोठ्यांच्या पट्टीनं त्यांची चित्रं मोजायची नाहीत, ही देवीप्रसादांची धारणा. मुलांच्या चित्रांचा त्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि हिंदीत पुस्तक लिहिलं. 'शिक्षा का वाहन : कला' या नावानं ते आज ओळखलं जातं. इंग्लंडमध्ये हर्बर्ट रीड यांनी 1943 साली कलेतून शिक्षणाचा जो विचार मांडला, त्याचं नातं देवीप्रसादांच्या विचाराशी आहेच. पण रीड यांनी तो महायुद्धाच्या काळात पुस्तक लिहून मांडला, आणि यांना तो रोज सकाळी शेणामातीनं हात भरलेल्या मुलांसमोर तपासून पाहता आला.

त्यांच्या विचाराचा गाभा मला असा कळला. मुलाच्या हाताला घडवायला काही मिळालं नाही, तर तो हात मोडायला लागतो. घडवण्याची ओढ दाबली की ती नाहीशी होत नाही, वाकड्या वाटेनं बाहेर येते. म्हणून चित्रकलेचा तास हा त्यांच्या लेखी शांततेच्या शिक्षणाचा तास होता. आणि हे बोलण्यापुरतं नव्हतं. 1962 साली सेवाग्राम सोडून ते लंडनला गेले आणि युद्धाला नकार देणाऱ्यांच्या 'वॉर रेझिस्टर्स इंटरनॅशनल' या जागतिक संघटनेचे सरचिटणीस झाले. चित्रकलेचा मास्तर युद्धविरोधी संघटना चालवायला जातो, हे आपल्याला विचित्र वाटतं. त्यांना ते एकच काम वाटलं असावं. पुढे दिल्लीत ते पुन्हा कुंभाराच्या चाकावर बसले. 2011 साली गेले. वर्ध्यातल्या किती जणांना त्यांचं नाव ठाऊक आहे, हे मी आमच्या कॉलनीत विचारून पाहिलं. उत्तर लिहिण्यासारखं नाही.

इथं 'शांती' या शब्दाचा अर्थ बदलतो, आणि तो बदललेला अर्थच मला पटतो. देवीप्रसादांची शांती ही थकलेल्या मेंदूची विश्रांती नव्हती. आत जे खदखदतंय त्याला हातातून वाट मिळाल्यावर जे उरतं, ती शांती. मारियन मिलनर या इंग्रज मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1950 साली चित्र काढता न येण्याबद्दल एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्या मनाशी शांत निसर्गदृश्य ठरवून बसायच्या आणि हाताला मोकळं सोडलं की कागदावर वणवा उतरायचा, वादळ उतरायचं. शांतीची हमी देणाऱ्या वर्गात वणवा उतरला तर त्याचं काय करतात कोण जाणे. बहुधा वरून निळा रंग देतात.

आता थोडं रंगांविषयी, कारण माझी खरी शाळा तिथं झाली.

निवृत्तीनंतर जलरंगाचा शौक लागला तेव्हा मी इंग्रजी पुस्तकं आणली. त्यांत लिहिलेलं असतं, कागद ओला करा, रंगाचा पातळ हात द्या, एकात दुसरा रंग मिसळू द्या. लिहिणाऱ्यांच्या देशात धुकं आहे. आमच्याकडे एप्रिलमध्ये कुंचला पाण्यातून कागदापर्यंत नेईस्तोवर कागद वाळतो. पारा 45 च्या पुढे गेला की रंगाच्या थाळीतला थेंबही सालपटासारखा उचकटून येतो. दोन उन्हाळे मी स्वतःला नालायक ठरवण्यात घालवले. मग मगन संग्रहालयात गेलो. वर्ध्यात राहून मी तिथं नीट कधी गेलोच नव्हतो. गांधींनी 30 डिसेंबर 1938 ला उघडलेलं हे ग्रामोद्योगांचं संग्रहालय. तिथं खादीवर झाडापाल्याचे रंग देतात. ते पाहून डोक्यात उजेड पडला की इथल्या उन्हाला चालेल असा रंग इथंच शोधावा.

मातीचा रंग करणं सोपं आहे, फक्त घाई चालत नाही. वावरातली ढेकळं बादलीभर पाण्यात विरघळवायची, ढवळायची, शंभर आकडे मोजायचे. वाळू-खडे तळाशी बसतात. वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी तळाला साईसारखा मऊ थर असतो. तो वाळवायचा, पाट्यावर वाटायचा आणि बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात कालवायचा. हे पहिल्यांदा केलं तेव्हा माझा मोठा भ्रमनिरास झाला. ज्या मातीला आपण काळी म्हणतो, काळी आई म्हणतो, तिचा रंग काळा नाहीच. कागदावर ती करडी, किंचित तपकिरी उतरते, ढगाळ संध्याकाळसारखी. ओली असते तेव्हा काळी दिसते, एवढंच. काळा हवा असेल तर चुलीचा कोळसा किंवा दिव्याची काजळी. पुन्हा तेच पळसाचं पान : ज्याचं नाव पाठ असतं ते पाहिलेलं नसतं.

पळसाचा रंगही केला. फुलं उकळली की पिवळसर केशरी पाणी येतं. तुरटी टाकली की पिवळं खुलतं, चुन्याची निवळी टाकली की एकदम गडद केशरी. हे आमच्याकडे धुळवडीला पूर्वी घरोघर होत असे, त्यामुळे आईला विचारायची गरज पडली नाही, हातानंच केलं. त्या रंगानं त्याच झाडाचं चित्र काढलं आणि हौसेनं खिडकीशेजारी लावलं. हा रंग उन्हात टिकत नाही, फिका पडत पडत शेवटी चहा सांडल्यासारखा होतो, हे मला ठाऊक नव्हतं. वर्षभरात झाला. आधी हळहळलो. नंतर दुसरं काढलं. विकतचा टिकाऊ केशरी माझ्याकडे होता, तो वापरला नाही. का, ते नीट सांगता येणार नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, हे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत. या आक्षेपाला मी सगळ्यात जास्त भितो, कारण तो वर्ध्यात बसून टाळता येत नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे 2006 साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं, त्यांत वर्धा होता. पऱ्हाटीवर बोंडअळी, सोयाबीनला भाव नाही, डोक्यावर सावकार, आणि मी नदीकाठी पानाच्या शिरा मोजतोय. कर्जापायी रात्र रात्र जागणाऱ्या माणसाला 'चित्र काढ, बरं वाटेल' असं सांगणं हा निर्लज्जपणा होईल. त्याला भाव हवा, पाणी हवं, आणि बँकेत माणसासारखी वागणूक हवी. शांती ही व्यक्तीची जबाबदारी आहे, तुम्ही अस्वस्थ असाल तर तुमच्याच श्वासात किंवा छंदात काहीतरी कमी आहे, असा जो नवा सूर लागला आहे, तो मला मान्य नाही. अस्वस्थतेची कारणं पुष्कळदा सातबाऱ्यावर असतात.

पण या आक्षेपात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की चित्र हे गरिबाकडे नव्हतंच, वरून खाली आलं. आमच्या जिल्ह्यात ते खोटं आहे. पोळ्याला बैलाची शिंगं हिंगुळानं रंगवताना शेतकरी जे तल्लीन होऊन करतो, ते पाहायला आर्वीकडच्या एखाद्या खेड्यात जा. सिंदी रेल्वेच्या तान्ह्या पोळ्यात पोरं आपापले लाकडी नंदी सजवून आणतात. भिंतीवरची पांढरी माती, उंबऱ्यावरची रांगोळी, तुळशीपुढचा चौक : हे सगळं कर्जबाजारी घरांतही होत आलं. सिमेंटच्या भिंती आल्या, तयार स्टिकर आले, लाकडी नंदीच्या जागी प्लास्टिकचा आला, आणि घडवणारा हात रिकामा झाला. आता त्या रिकाम्या हातासाठी शहरात कार्यशाळा निघताहेत. मुळात गेलं ते काय, आणि ते कुणाचं गेलं, हा प्रश्न चोचल्यांचा नाही.

दुसरा आक्षेप सभ्य आहे : निसर्ग हवा तर बोर अभयारण्यासारख्या जंगलात जावं लागतं, रोजच्या धबडग्यात कुठून आणायचा? यावर पवनारच्या आश्रमात एक दगड उत्तर देतो. विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. बाराव्या अध्यायावर बोलताना विनोबा राम-भरताच्या भेटीपाशी थांबतात. चौदा वर्षं एक वनात राहिला, दुसरा अयोध्येजवळ राज्याचा कारभार पाहत राहिला. पण भेटले तेव्हा वनातून कोण आला ते ओळखू येईना, इतके दोघं तपानं सारखे झालेले. कुणी चित्रकारानं हे चित्र काढलं तर किती पावन होईल, असं विनोबांना वाटून गेलं होतं. पुढे 1938 साली ते पवनारला येऊन राहिले. तिथली जमीन खणताना जुनी शिल्पं निघाली, वाकाटकांच्या काळातली. त्यांतल्या एका शिळेत विनोबांनी राम-भरताची भेट ओळखली. ती आजही तिथं आहे. तुरुंगात मागितलेलं चित्र वावरात सापडलं, हा योगायोग मला आवडतो. पण त्याहून आवडते ती विनोबांची नजर, जिला वनवासी आणि नगरवासी सारखे दिसले. पळस जंगलातच पाहिला पाहिजे असं नाही. आमच्या रेल्वे फाटकापाशीही एक आहे, धुळीनं माखलेला. त्याची पानंही तशीच तिरपी आहेत, मी पाहून आलो.

राहता राहिली मुलं, आणि खरं तर त्यांच्यासाठीच मी हे लिहायला घेतलं.

गेल्या वर्षी एका शाळेत चित्रकला स्पर्धेचा परीक्षक म्हणून गेलो होतो. विषय : निसर्गचित्र. साठेक कागद समोर आले. जवळजवळ प्रत्येकावर दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, नागमोडी नदी, कौलारू झोपडी आणि शेजारी नारळाचं झाड. वर्ध्याची मुलं! सपाट काळ्या रानात वाढलेली. यांतल्या कितींनी नारळाचं झाड जवळून पाहिलं असेल? शाळेच्या फाटकापाशी चिंच होती, मागच्या बाजूला निंब होता, कुंपणाला पळस होता. एकाही कागदावर ती नव्हती. बक्षीस मी एका मुलीला दिलं, जिनं झोपडीपुढे एक म्हैस काढली होती आणि म्हशीच्या पाठीवर बगळा. म्हशीचे पाय चुकले होते. पण ती म्हैस तिच्या घरची होती, हे दिसत होतं. एक शिक्षक मला बाजूला घेऊन म्हणाले, सर, हिच्यापेक्षा इतरांचं काम सफाईदार होतं. सफाईदार होतं, खरंच.

त्याच शाळेत कळलं की चित्रकलेचा तास बहुतेक आठवड्यांत गणिताला जातो. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांना मुलं बसतात, त्यापुरती महिनाभर तयारी चालते, वर्षभर मग वही बंद. ज्या जिल्ह्यात चित्रकला हा शिक्षणाचा भाग आहे असं 1937 साली लिहून दिलं गेलं आणि अठरा वर्षं करून दाखवलं गेलं, तिथली ही अवस्था आहे.

जिल्ह्यातल्या शिक्षकांना माझी विनंती एवढीच आहे. चित्रकलेचा तास गणिताला देऊ नका. चैत्र सरला की शाळांना सुट्या लागतात, हे ठाऊक आहे. पण पावसाळ्यात शाळा उघडते तेव्हा पळस पानांनी भरलेला असतो. पहिल्या कोरड्या सकाळी मुलांना कुंपणापाशी न्या, प्रत्येकाच्या हातात एक पान द्या, आणि फळ्यावर काहीही काढून दाखवू नका.